काकू, टेन्शन नका घेऊ

आमच्या घराचं नूतनीकरण करून देणारे कंत्राटदारसाहेब यांस,



तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते. गैरसमज नको, आभारच मानायचे आहेत. आजेसासऱ्यांनी बांधलेल्या या जांभ्याच्या घरात ओल कधी कायमची राहिली नव्हती. पावसाळ्यात यायची, भिंतीच्या पायाशी बसायची आणि दिवाळीच्या आसपास आपली निघून जायची. तिला कायमचं घर तुम्ही दिलंत. "काकू, टेन्शन नका घेऊ, दहा वर्षं भिंतीकडे बघायला नको," असं म्हणाला होतात. त्यातलं 'बघायला नको' तेवढं शब्दशः खरं ठरलं.

तुम्ही केलेल्या सुधारणांची उजळणी करते, म्हणजे श्रेय दुसरा कोणी लाटायला नको. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे आजेसासऱ्यांना न मोजताच ठाऊक असावं. त्यांनी मांडीभर उंच जोतं घेतलं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील इतकं छप्पर पुढे काढलं आणि अंगणाला घराकडून गडग्याकडे उतार दिला. तुम्हाला ते मागासलेलं वाटलं. तुम्ही डंपरभर माती आणून अंगण उचललंत, वर काँक्रीट आणि त्यावर लालपिवळे पेव्हर ब्लॉक बसवलेत. आता जोतं चार बोटं उरलंय आणि उतार घराकडे आहे. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जोतं निदान 45 सेंटिमीटर वर हवं, असं राष्ट्रीय इमारत संहितेत लिहिलंय. पण संहिता लिहिणारे कुठे तुमच्यासारखे साइटवर उभे राहतात!

मग चुन्याचा गिलावा. "हाताला पांढरं लागतं," म्हणून तो तुम्ही खरवडून टाकलात आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवलात. त्यावर पुट्टी, आतून प्लास्टिक पेंट, बाहेरून वॉटरप्रूफ पेंट. भिंत अशी गुंडाळलीत की बाहेरचा एक थेंब आत शिरू नये. फक्त पाणी बाहेरून येतच नव्हतं, ते खालून येत होतं. जांभा सच्छिद्र दगड. त्याचे पाय ओल्या जमिनीत असले की बारीक छिद्रांतून पाणी आपसूक वर चढतं, आणि छिद्र जितकं बारीक तितकं जास्त उंच. एरवी ते साधारण मीटरभर चढून थांबतं, कारण तिथवर येईतो भिंतीच्या अंगातून तितकंच पाणी हवेत उडून गेलेलं असतं. चुना ते उडू देतो. तुम्ही उडण्याची वाट बुजवलीत, मग पाण्याने चढण्याची वाट धरली. पुढच्याच पावसाळ्यात कमरेइतकी ओल छातीशी आली, तेव्हा तुम्ही जमिनीपासून चार फूट उंचीच्या टाइल्स मारून गेलात. आता ती टाइल्सच्या वर डोकं काढून बघते. चौकटींचे पाय कुजले आणि वाळवीही राहायला आली, पण तो विषय सोडा, सुतार तुमच्याच ओळखीचा आहे.

तुमच्या निदानपद्धतीचं मात्र मला विशेष कौतुक आहे. नाडीपरीक्षा करावी तशी तुम्ही भिंतीवर टिचकी मारलीत आणि म्हणालात, "वरून लीकेज आहे." माडीवरची न्हाणी फोडली. निघालं काहीच नाही, पण फोडायचे आणि पुन्हा बांधायचे असे दोन्ही पैसे निघाले. वरून गळणाऱ्या पाण्याचा डाग वरून खाली पसरतो. फुटलेल्या नळाचा डाग एका जागी असतो आणि उन्हाळ्यातही हटत नाही. त्यासाठी रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा हलतोय का एवढं पाहिलं तरी पुरतं. आमच्याकडे मात्र तळमजल्याच्या प्रत्येक भिंतीवर जमिनीपासून सारख्याच उंचीवर पट्टा होता, वरच्या कडेला पिवळट रेघ आणि रेघेवर पांढरा लोणा. समुद्राच्या भरतीची रेघ ओळखू शकणारं शेंबडं पोरही ही ओळखेल. तरी खात्री म्हणून मी पॉलिथिनचा एक चौकोन भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवला. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर हवेतली ओल, भिंतीच्या बाजूला जमले तर भिंतीतली. आमच्याकडे भिंतीच्या बाजूला जमले. या तपासणीचा खर्च चिकटपट्टीपुरता.

तुम्ही पुढच्या खेपेला एक यंत्र आणलंत. दोन पिना टेकवल्या की पीं पीं करणारं. ते लाकडातली ओल मोजायला बनवलेलं असतं. भिंतीत क्षार साचले असतील तर त्यांतूनही वीज वाहते आणि आकडा भलताच वर जातो. खरं मोजायचं तर भिंतीत आतपर्यंत भोक पाडून तिथला भुगा घ्यायचा, वजन करायचं, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचं. पण भुग्याला कुठे पीं पीं करता येतं?

आणि क्षार, साहेब! ते तुमच्या हिशेबात कधी आलेच नाहीत. जमिनीतलं पाणी विरघळलेलं मीठ घेऊन वर येतं, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. गिलाव्याखाली त्याचे खडे बनताना ते फुगतात आणि पोपडे निघतात. म्हणजे तुमचा रंग खराब नव्हता हो, उगाच दुकानदाराला शिव्या दिल्यात. पुढची गंमत अशी की साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी शोषून घेतं. आमच्याकडे आषाढ-श्रावणात हवा त्याहून कितीतरी ओली असते. म्हणून पाऊस उघडला असतानाही आमच्या भिंतीला घाम फुटतो. खालची वाट उद्या बंद केली तरी हा मिठाचा गिलावा जागेवर असेपर्यंत भिंत ओलीच दिसणार. तुमच्या पोराने तो लोणा पाण्याच्या फडक्याने पुसून काढला, तेव्हा मीठ विरघळून पुन्हा आत गेलं. कोरड्या ब्रशने झाडून, सुपलीत भरून बाहेर टाकायचं असतं ते.

शेवटच्या भेटीत तुम्ही इंजेक्शन सुचवलंत. भिंतीच्या पायाशी ओळीने भोकं पाडून त्यांत पाणी दूर लोटणारं रसायन भरायचं. हा उपचार खोटा नाही. विटांच्या सरळ भिंतीत, सांध्याच्या एकाच थरात, दहा-बारा सेंटिमीटरवर भोकं घेतली तर उपयोग होतो. पण आमची भिंत हातभर जाड, चिरे ओबडधोबड, पोटात मातीचा भराव. तिथे ते औषध कुठल्या पोकळीत जाऊन बसेल हे तुम्हालाही सांगता येणार नाही. शिवाय बाहेरचं तुमचं अंगण त्या भोकांच्या वर. पाणी भोकांना वळसा घालून वरून आत येईल, तेव्हा आणखी एक बिल, एवढंच.

रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की तळमजल्याच्या ओल्या भिंतीला जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत पहिल्या थरात वाळूऐवजी भाजक्या कौलांचा चुरा घातलेला गिलावा द्यावा, आणि तरीही ओल राहिली तर आतून थोडं अंतर सोडून दुसरी पातळ भिंत घ्यावी, मधल्या जागेला हवा लागेल अशी मोकळी तोंडं ठेवावीत. त्या बिचाऱ्याकडे तुमची प्लास्टिक पेंटची बादली नव्हती.

तुम्ही वाडीच्या वरच्या अंगाला नवीन बंगल्याचं काम घेतलंय असं कळलं, अभिनंदन. त्यांच्यावर एक उपकार करा. भिंती उठण्याआधी जोत्यावर सगळीकडून, कुठेही खंड न पाडता, 40 मिलिमीटर जाडीचा घट्ट काँक्रीटचा थर वॉटरप्रूफिंग पावडर घालून टाका आणि तो सुकला की वर गरम डांबर फिरवा. डीपीसी म्हणतात त्याला. बांधताना तो फार महाग पडत नाही. भिंती झाल्यावर तो घालायचा म्हणजे काय, ते मला विचारा.

आमच्यापुरतं सांगते. पाऊस संपला की पेव्हर ब्लॉक उचला, माती काढा, जोतं पुन्हा उघडं करा आणि पाणी गडग्याकडे वळवा. टाइल्स काढा. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभर जाईपर्यंत फोडा आणि तो राडा अंगणात न पुरता घेऊन जा. मग भिंत उघडी राहील. इंचाला महिना धरतात. आमची भिंत अठरा इंच, म्हणजे दीड वर्षाची निश्चिंती. तोवर रंगाचं कार्ड घेऊन दारात येऊ नका. सुकली की चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी, त्यासाठी गावातले जुने गवंडी शोधून ठेवलेत. तुमच्या माणसांनी त्यांच्या हाताखाली काम केलं तर मजुरी देईन.

ब्रश आणू नका, छिन्नी-हातोडा पुरे. चहा मिळेल. बसताना फक्त भिंतीला टेकू नका. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट मारूनही पाठ पांढरी होते.

कळावे,
तुमच्या काकू