टेस्टरवाले तात्या

पाटसमध्ये मोटार रिवाइंड करणारा सापडतो, ट्रॅक्टरचा मिस्त्री सापडतो. बाथरूमच्या बोर्डासाठी मात्र कुणाला शोधावं लागत नाही. ते काम करायला घरोघर एक तात्या असतोच. हे तात्या कधी भीमा कारखान्यात टाइमकीपर असतात, कधी कुरकुंभच्या एमआयडीसीत स्टोअरला, कधी दौंडच्या रेल्वेत. नोकरीत विजेशी संबंध आला तो बटण दाबण्यापुरता. निवृत्त झाल्यावर सदऱ्याच्या खिशातलं पेन जातं, तिथं टेस्टर येतो आणि तात्या वायरमन होतात. आयटीआयमध्ये त्याला दोन वर्षं लागतात.

1956च्या भारतीय विद्युत नियमांनी दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला घरच्या माणसाला मुभा दिली होती. वायरिंगमध्ये फेरफार करायचा तर परवानाधारकच हवा, असं पुढं म्हटलं होतं. तात्यांना अर्धविरामापर्यंतचा नियम तोंडपाठ आहे.

बाथरूममध्ये काम ते किती? एक दिवा, एक एक्झॉस्ट फॅन, बाहेर दोन बटणं. "लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग," असं नातवाला शिकवत तात्या प्लेट खोलतात. आत लाल, पिवळी आणि निळी. बोअरच्या मोटारीची उरलेली केबल गेल्या खेपेला त्यांनीच इथं मुरवलेली असते.

"मेन बंद करू का वो?" काकू विचारतात.

"मेन कशाला? एकच वायर धरली तर शॉक बसत न्हाई. लाइटीला वळख असती माणसाची."

काकू वाद घालत नाहीत. पडवीत जाऊन गुपचूप मेन स्विच पाडतात. तात्या टेस्टर लावतात, तो पेटत नाही. "बघ, नेमकी आत्ताच लाइट घालवली बोर्डानं!" असं म्हणून ते दातानं वायर सोलतात. तात्या जित्या वायरीला भीत नाहीत, ही ख्याती टोलनाक्यापर्यंत पोचली आहे.

यंदा फॅननं मात्र कसोटी पाहिली. तो आतली वाफ बाहेर टाकायच्या ऐवजी शेजारच्या गोठ्याचा वास आत आणू लागला. तात्या हसले. थ्री फेज मोटार उलटी फिरली की कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या, ती सुलटी होते, हे भीमाकाठच्या पोरासोरांना ठाऊक आहे. तात्यांनी बोर्डात येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल केली. पण घरातली वीज सिंगल फेज. तिथं फेज-न्यूट्रल बदलल्यानं पंख्याची दिशा बदलत नाही. गोठा होता तसाच आत येत राहिला. शिवाय बटण बंद केलं तरी एलईडीचा बल्ब मिणमिणायला लागला.

त्याच सुमारास तुकोबांची पालखी आली. वरवंडाहून उंडवडीकडे जाताना ती पाटसवरून जाते, तेव्हा गावातलं प्रत्येक न्हाणीघर वारकऱ्यांचं असतं. एक म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "माऊली, तुमचा दिवा इझंना."

"इझायचा न्हाईच. नंदादीप हाय तो," तात्या म्हणाले, "बिनखर्चाचा."

शेवटी काकूंनीच लायसनवाला वायरमन बोलावला. त्यानं बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"तात्या, बटण न्यूट्रलवर आलंय. फेज थेट होल्डरात. बंद बटणावर भरवसा ठिवून कुणी वल्या हातानं बल्ब काढला, तर 230 व्होल्ट हायेत."

"तेच मी हिला सांगत होतो," तात्या म्हणाले.

वायरमननं फेज बटणावर आणली, न्यूट्रल सरळ दिव्याला आणि फॅनला दिली, अर्थिंग तपासलं. मग फॅनचे चार बोल्ट काढले, फॅन उलटा केला आणि पुन्हा कसला. तात्यांनी तो उलट्या तोंडानं बसवला होता. वास गेला. वायरमन निघाल्यावर तात्या नातवाला म्हणाले, "पोरगं हुशार हाय, मी सांगितलं तसं केलं."

तात्यांना आवरता येत नाही. त्यांच्याकडून टेस्टर काढून घ्या, ते दुसरा आणतील. तेव्हा मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज भलत्या वाटेनं, अगदी माणसातून जमिनीत जाऊ लागली, तरी तो क्षणात पुरवठा तोडतो आणि श्रेय मागत नाही. काकू हे काम आजवर फुकट करत आल्या; पण त्यांनाही कधीतरी माहेरी जायचं असतं.