टाळकरी

ठाणे-कल्याण पट्ट्यात टाळकरी दोन प्रकारचे, अशी एक समजूत आहे: लोकलच्या भजनी डब्यात टाळ वाजवणारा एक आणि घरी दिसेल ते काम टाळणारा दुसरा. प्रत्यक्षात माणूस एकच. डॉक्टरांनी दर महिन्याला उपाशीपोटी साखर तपासायला सांगितलेली चिठ्ठी हा फाडत नाही, हरवतही नाही. रोज रात्री पासाबरोबर ती आजच्या शर्टातून काढतो आणि उद्याच्या शर्टात ठेवतो. चिठ्ठी घड्यांवर विरली आहे, एकदा धुण्यातही गेली आहे, आता त्यावरचं 'फास्टिंग' एवढंच वाचता येतं. लॅब घर आणि स्टेशन यांच्या बरोबर मध्ये. तिथे पोचलं की त्याला समोरच्या फुटपाथवरची भाजी बघावीशी वाटते. भाजी तो घेत नाही.

घरचे याला आळशी म्हणतात, आणि इथेच निदान चुकतं. आळशी माणूस खिडकीसाठी भल्या पहाटे डोंबिवलीहून आधी उलटा कल्याणला जातो का? १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत गाडी आली, तेव्हापासून इथल्या माणसाचं घड्याळ रुळांवरून चालतं. ७:१२ म्हणजे सव्वासात नव्हे, हे इथे पोरालाही कळतं. असा माणूस वेळ पाळू शकत नाही असं कोण म्हणेल? फ्युशिया सिरोइस आणि टिम पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलं, की टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनाचा नव्हे, मनःस्थितीचा मामला आहे. नकोसं वाटणं आत्तापुरतं लांब ठेवायचं, पुढचं पुढे. आपला टाळकरी सुईला भीत नाही, आकड्याला भितो. चिठ्ठी खिशात आहे तोवर साखर नॉर्मल आहे.

यावर कोणी म्हणेल, गाडीमागे पगार आहे, लेटमार्क आहे. रक्त न दिल्याबद्दल कोण पगार कापतो? बरोबर, पण अर्धंच. पगाराला माणूस वेळेवर पोचलेला हवा असतो. तो कुठल्या डब्यातून आला, टाळ वाजवत आला की पेंगत, याच्याशी साहेबाला कर्तव्य नाही. तरी हा रोज त्याच दारातून चढतो, कारण एक दिवस दिसला नाही तर 'काल कुठे गायब?' विचारणारे आठ जण आत बसलेले असतात. आणि मुख्य म्हणजे 'आज जावं का?' हा प्रश्न सकाळी त्याच्यापुढे उभाच राहत नाही. लॅबसमोर तो रोज नव्याने उभा राहतो, आणि प्रश्न उभा राहिला की हा आडवा झालाच. सोबतीने सगळं साधतं असंही नाही. तलावपाळीच्या फेऱ्या मारायला जमलेली मंडळी मामलेदारच्या मिसळीपाशी विसर्जित होतात, हा आक्षेप मान्यच करावा लागतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत तर त्याच्या फारच सोयीची, कारण पहिल्या दिवसाचा मुहूर्त शोधण्यातच वर्ष जातं. पाडव्याच्या स्वागतयात्रेत सोडलेला संकल्प दसऱ्याला आठवतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसतात; कुणाला १८, तर कुणाला हिशेबाने २५४. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. गाडी एक दिवस चुकली म्हणून नोकरी न सोडणाऱ्या माणसाला हे कळायला हरकत नाही.

तेव्हा त्याला उपदेश नको, वेळापत्रक द्यावं. डब्यातल्या निम्म्यांना साखर आहेच, मृदंगवाल्यालाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मंडळींनी ६:३५ला लॅबच्या पायरीवर जमायचं, रक्त द्यायचं आणि ७:१२ पकडायची, एवढं ठरलं की टाळकरी ६:३०लाच हजर. लॅबवाली मुलगी पट्टा बांधून म्हणते, 'काका, मूठ उघडझाप करा,' आणि मूठ अचूक ठेक्यात उघडते, मिटते. जेवणानंतरचं रक्त दोन तासांनी द्यायचं आहे म्हटल्यावर मात्र तो चिठ्ठीची घडी घालतो आणि खिशात ठेवतो.