टाकणखार-काकू

बाळंतिणीच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि सल्ला मात्र आत घेऊन यायचा, हा काकूंचा शिरस्ता. आमच्या सोसायटीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. तुमच्याकडे कितव्या, ते तुम्ही बघा. नाव काहीही असलं तरी त्या टाकणखार-काकूच.

आमचं बाळ महिन्याचं झालं आणि त्याच्या जिभेवर पांढरं दिसायला लागलं. बायकोने मऊ फडक्याने पुसून पाहिलं. दूध असतं तर निघालं असतं. हे जागचं हललं नाही. काकूंनी बाळाकडे पाहिलंच नाही. काकूंचं निदान नेहमी आईच्या ताटापासून सुरू होतं.

"अगं, काल काय खाल्लंस?"

"वांग्याची भाजी."

"बघ!" आणि पदराच्या गाठीतून पुडी निघाली. टाकणखाराची लाही करायची, मधात कालवायची, बोटाने जिभेवर फिरवायची. "अरे, बघतोस काय? मध आण. पण खरा आण."

दरम्यान लंगोटाच्या जागीही लाली चढली होती. जांघेच्या घडीत लालभडक आणि भोवती बारीक पुटकुळ्यांचा शिडकावा. "उष्णता," काकू म्हणाल्या आणि पावडरचा डबा उपडा केला. बाळ लाटायला घेतलेल्या पुरणपोळीसारखं दिसायला लागलं. ते शिंकलं, तर काकूंनी नजरही काढली.

मी मध आणायला म्हणून निघालो तो बाळाला घेऊन थेट डॉक्टरांकडे पोचलो. (मधाचे पैसे अजून माझ्याच खिशात आहेत.) डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून सांगितलं, "वरची आणि खालची भानगड एकच आहे. कँडिडा नावाची बुरशी." तोंडात लावायला औषध दिलं, खाली लावायला मलम दिलं आणि बायकोच्या छातीलाही लावायला दिलं. नाहीतर आई बाळाला देते, बाळ आईला परत करतं; लग्नातल्या आहेरासारखं चालूच राहतं. मध वर्षाच्या आत चाटवायचाही नाही, कारण त्यात बॉट्युलिझमचे जंतू असू शकतात. पावडर बाळाच्या श्वासात जाते. टाकणखाराचं नाव काढल्यावर मात्र बाई हसायच्या थांबल्या. १९८३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सात बाळांची हकीकत छापून आली होती: चोखणीला मध-टाकणखार लावत होते आणि बाळांना झटके यायला लागले.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "माझा मुलगा मध-टाकणखारावरच वाढला." हा मुलगा आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो आणि प्रत्येक घरगुती औषधाला साक्षीदार म्हणून उभा केला जातो. त्याची साक्ष एकच: तो जगला.

"आणि बुरशी आईकडूनही येते म्हणाल्या ना तुझ्या डॉक्टर? म्हणजे वांगंच!"

न्यायाने सांगायचं तर एका मुद्द्यावर काकू शंभर टक्के जिंकल्या. घरी काय करायचं, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या होत्या की लंगोट ओला झाला की लगेच बदला, साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि रोज थोडा वेळ बाळाला तसंच उघडं ठेवा. दूध बाटलीने देत असाल तर बूच रोज उकळा. "अरे, आम्ही पोरं नागडीच ठेवत होतो आणि लंगोट कडक उन्हात वाळवत होतो. त्याला डॉक्टरची फी पडत नव्हती," काकू म्हणाल्या. यावर मला काही बोलता आलं नाही. चोवीस तासांचा डायपर शेवटी मीच आणला होता.

आठवड्याभरात जीभ गुलाबी झाली. जांघही निवळली. काकू आता जिन्यात प्रत्येकाला थांबवून सांगतात, "माझ्या टाकणखाराने उतरलं."

पुडी न उघडता फ्रिजवर पडून होती. काल ती कोपऱ्यावरच्या सोनाराला देऊन आलो. दागिन्याला डाग देताना त्याला टाकणखार लागतो.