देवांचं खातेवाटप

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

ती. आई,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. परवा फोनवर तुमच्या नातवाने "आजी, मी लॅथँडरचा पुजारी झालो" असं जाहीर करून तुमच्या जिवाला घोर लावला. त्यावर तुमच्या चिरंजिवांनी "अगं, खेळ आहे तो" म्हणून विषय गुंडाळला. तुमचं समाधान झालेलं नाही हे आवाजावरून कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलाने धर्म बदललेला नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा बैठा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि तलवार लागली की हुकली ते फासे ठरवतात. 1974 साली तो छापून आला तो आमच्यापासून तासाभरावरच्या लेक जिनिव्हा गावात. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन. त्यातले गायगॅक्स विमा कंपनीतली नोकरी सुटल्यावर जोडे दुरुस्त करून संसार ओढत होते. त्यामुळे "खेळून पोट भरतं का?" असं इकडे विचारायची सोय नाही. पोरगं थेट त्यांचंच नाव सांगतं.

आता देवांकडे येते. ही मुलं ज्या जगात खेळतात ते 'फर्गॉटन रेल्म्स', कॅनडातल्या एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात रचत आणलेलं. 1987 पासून ते या खेळात आहे. देव मोजायला बसू नये इतके, आणि प्रत्येकाला खातं नेमून दिलेलं. जादू मिस्ट्राकडे, शेती चाँटीयाकडे, व्यापार वॉकीनकडे. नशिबाच्या दोघी बहिणी, चांगल्याची टायमोरा आणि फुटक्याची बेशाबा. समुद्राची अंबरली महाकोपिष्ट. तिच्यावर कुणाचं प्रेम नाही, पण खलाशी तिच्या नावाने पाण्यात नाणी टाकतात. ती प्रसन्न व्हावी म्हणून नव्हे, तिने आपल्याकडे लक्ष देऊ नये म्हणून! हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. वेशीवरच्या मरीआईला तुम्ही दही-भात नेता, तेव्हा मीच पाठीमागे पाण्याचा तांब्या धरून असते.

लॅथँडर हा पहाटेचा देव. त्याची मुख्य प्रार्थना सूर्योदयाला. आणि पुजारी कोण, तर शनिवारी साडेदहाला पांघरूण ओढून काढल्याशिवाय न उठणारा तुमचा नातू.

मला सगळ्यांत भावला तो जर्गल. हा मूळचा मृत्यूचा देव, भलताच मातब्बर. एकदा तीन महत्त्वाकांक्षी माणसं त्याची गादी बळकवायला चालून आली. पण हा इतका कंटाळलेला, की म्हणाला, घ्या बाबांनो, मला काही नको. मग त्या तिघांतच जुंपली. शेवटी हाडांचे फासे टाकून आणि कवट्या गडगडवून खातेवाटप झालं. जुलूम बेनकडे गेला, मेलेल्यांचं खातं मर्कुलकडे आणि खून भालकडे. जर्गल त्याच मृत्यूच्या दरबारात मेलेल्यांच्या नोंदी लिहायला बसला. पुढे मर्कुल गेला, सिरिक आला, सिरिक गेला, केलेमव्हॉर आला. वहीवरचा माणूस तोच. बाबांनी मंत्रालयात उभी हयात काढली आहे, त्यांना ही गोष्ट जरूर वाचून दाखवा.

पुढची मात्र दाखवू नका. त्या जगात ज्याने कुठलाच देव मानला नाही, त्याचा आत्मा मेल्यावर एका भिंतीत चिणतात. बाबा आजवर एकाही सत्यनारायणाला प्रसादाच्या वेळेआधी आलेले नाहीत. उगाच विषाची परीक्षा नको.

सगळ्या देवांच्या वरती एओ नावाचा एक आहे. त्याची कुणी पूजा करत नाही आणि तो कुणाचं ऐकत नाही. एकदा बेन आणि मर्कुलने त्याच्या दैवपाट्या चोरल्या. याने चोर न शोधता सगळ्याच देवांना उचलून पृथ्वीवर फेकलं. एकटा हेल्म तेवढा वरच्या दारावर पहारेकरी म्हणून ठेवला. त्यात बरेच देव मेले. परत घेताना एओने अट घातली, की यापुढे जितके भक्त तितकीच देवाची ताकद. आमच्या मुलांना यात काही वावगं वाटत नाही. मला विचाराल तर देव भक्तांची डोकी मोजायला लागला की त्याचा पुढारी होतो.

या खेळवाल्यांनी 1980 साली 'डिटीज अँड डेमीगॉड्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यात आपले इंद्र, अग्नी, यम, विष्णू, लक्ष्मीसुद्धा आहेत, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला किती मार सोसेल याचा आकडा! लक्ष्मीच्या नावापुढेही! वाचून मी पुस्तक मिटलंच. विठोबाला त्यांनी हात लावलेला नाही, तेवढं आधी पाहून घेतलं.

गेल्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर यांची लढाई रंगली होती. गोष्ट सांगणारी शेजारची मुलगी पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून एकटी सगळ्या देवांच्या तोंडून बोलत होती. एका गड्याचा जीव गेला. आपल्या पुजाऱ्याने डोळे मिटून लॅथँडरचा धावा केला. ही मुलं खेळतात त्या 2014 सालच्या पुस्तकातला नियम असा, की पुजारी दहाव्या पायरीचा असेल तर शंभरातून दहा किंवा कमी दान पडलं तरच देव धावतो. आणि एकदा धावला की पुढचे सात दिवस हाक मारायची नाही. दोन दहा-तोंडी फासे वरणाच्या भांड्याला आपटून थांबले. त्र्याहत्तर! पोरांनी एकच ओरडा केला, आणि मी मात्र नकळत म्हणून गेले, "अरे, नारळ तरी कबूल करायचा होतास."

नारळ त्यांच्याकडे चालत नाही. तिथे मेलेला माणूस लगेच उठवायला तीनशे मोहरांचे हिरे लागतात, आणि मंत्र म्हणताच ते संपूनही जातात. तेव्हा पुढच्या फोनवर नातवाने "आजी, आपल्याकडे हिरे आहेत का गं?" असं लाडात विचारलं, तर तुमच्या कुड्यांचा विषय काढू नका.

बाबांना सा. न. मेतकूट संपलं आहे, कुणी येणार असेल तर पाठवा.

तुमची,
मोठी सून