सोबत जोडपत्र एक

महसूल खात्याच्या आवक-जावक विभागात उभी हयात घालविलेल्या मनुष्यास, कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाताना मध्येच कसा अंतर्धान पावतो, हे कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. तथापि निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम ‘तुम्हांला सवड आहे’ एवढ्याच गुणवत्तेवर माझ्या गळ्यात पडले, आणि ज्या कचेरीतून मी सुखरूप सुटलो होतो तीच कचेरी, अधिक कडक बंदोबस्तानिशी, घरच्या जुन्या संगणकात थाटलेली मला आढळली.

काम वरकरणी क्षुल्लक होते. सभासदाने नाव लिहावे, सोबत छायाचित्र किंवा जुन्या दिवाळी अंकाचे स्कॅन जोडावे आणि कळ दाबावी. ब्राउझरमधून फाइल पाठविण्याची ही सोय १९९५च्या नोव्हेंबरात झेरॉक्समधील दोघा गृहस्थांनी आरएफसी १८६७ या टिपणाद्वारे सुचविली. तत्पूर्वी वेबवरील अर्ज म्हणजे नुसती अक्षरे, जोडपत्राची त्यात तरतूदच नव्हती. चाचणीदाखल मी चार केबीची एक फाइल चढविली, ती बिनबोभाट चढली, आणि त्याच सायंकाळी कार्यकारिणीपुढे ‘व्यवस्था सिद्ध आहे’ असे निवेदन करून मी चहासमवेत अभिनंदनही प्राशन केले. खिशात केवळ रुमाल असलेल्या वाटसरूने जकातनाक्याच्या सौजन्याची स्तुती करावी, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी फोनवरचे तीन एमबीचे छायाचित्र पाठविले. पहिल्या चौकीवरचा एनजिनएक्स हा सरळमार्गी पहारेकरी आहे; निराळा हुकूम नसल्यास एक एमबीहून जड ओझे तो आत घेत नाही, आणि ४१३ असा शेरा मारून नकार तोंडावर देतो. त्याच्या ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ या कलमात वीस एमबी अशी दुरुस्ती केली, त्याला नवे फर्मान वाचावयास लावले आणि छायाचित्र पुन्हा रवाना केले. पडद्यावर अक्षरे उमटली: ‘आपले छायाचित्र प्राप्त झाले. आभारी आहोत.’ फोल्डरात छायाचित्र नव्हते.

हे आभार मीच लिहून ठेवलेले होते. आतल्या मेजावर बसलेल्या पीएचपीची मुळातली मर्यादा दोन एमबीची. ती उल्लंघिली असता पीएचपी गवगवा करीत नाही, ‘एक’ हा त्रुटीक्रमांक टाचून रिकामे पाकीट पुढे सरकविते, आणि तो क्रमांक वाचण्याची तसदी माझ्या प्रोग्रामाने घेतलेली नव्हती. पाकीट न फोडता पोच देण्याची आमच्या खात्याची परंपरा मी इमानेइतबारे पुढे चालविली होती, एवढेच.

मग मर्यादा वाढविणे आले. टर्मिनलवर पीएचपीलाच त्याच्या नियमपुस्तिकेचा पत्ता विचारला, त्याने तो अदबीने दिला, मी तिथे दोनाचे वीस केले, खातरजमेसाठी पुन्हा विचारले, तर ‘वीस’ असेच उत्तर आले. आणि ब्राउझरातून छायाचित्र पाठविले की पुन्हा तोच क्रमांक एक. दुपार गेली. संगणक चार वेळा बंद करून उघडला, एकदा आंघोळही करून आलो. अखेर ठाण्याच्या भाच्यास फोन लावला.

“मामा, पत्त्यात शेवटी सीएलआय आहे का एफपीएम?”

“सीएलआय.”

“ती टर्मिनलची प्रत. वेबसाठीची वेगळी असते. एफपीएमवाली बदला आणि एफपीएम रीस्टार्ट करा.”

डेबियन प्रणालीत या पुस्तिकेच्या दोन प्रती असतात आणि विचारणारा ज्या खिडकीशी उभा असेल त्या खिडकीची प्रत त्याला दाखविली जाते, हे समजल्यावर मला संताप येण्याऐवजी माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

यानंतर अकरा एमबीचे स्कॅन घेतले. नाव लिहिले, फाइल जोडली, कळ दाबली. उत्तर आले: ‘कृपया आपले नाव लिहा.’ पुन्हा लिहिले. ‘कृपया आपले नाव लिहा.’ तिसऱ्या खेपेस वडिलांच्या नावासकट सविस्तर लिहिले, तरी मी पीएचपीच्या लेखी अनामिकच. कारण असे की ‘पोस्ट मॅक्स साइझ’ नावाचे आणखी एक कलम असून त्याची मर्यादा आठ एमबी, आणि ती ओलांडल्यास केवळ जोडपत्र नव्हे, तर नावगावासह अवघा अर्जच कोरा होऊन प्रोग्रामाच्या हाती पडतो. आमच्या साहेबांनीही संतापाच्या भरात कधी अर्जदाराचे नाव पुसलेले मला आठवत नाही.

ते कलम वाढविले. त्यापुढे फोल्डराची मालकी माझी आणि लिहिणारा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नामक परका इसम, यावरून परवानगीचा तंटा झाला. तेव्हा सातशेसत्त्याहत्तराचा सरसकट परवाना देऊन दारे उघडी टाकण्याचा मोह आवरून मी फोल्डर रीतसर त्याच्या नावे करून दिले.

पुढल्या सभेत अध्यक्षांनी स्वहस्ते आपले छायाचित्र चढविले. ते चढले. मात्र फोनने छायाचित्राच्या पोटात ‘हे उभे धरावे’ अशी जी चिठ्ठी ठेवलेली असते, ती लहान प्रत बनविताना माझ्या प्रोग्रामाने गहाळ केली होती, आणि अध्यक्ष पडद्यावर भिंतीकडे पाय करून आडवे प्रकटले. सभेत क्षणभर शांतता पसरली. चिटणीसांनी मान कलती करून निरखून पाहिले आणि म्हणाले, “निजलेत खरे, पण आत आलेत.”