जालन्याचे मिशनरी

"धंदा की फिरणं?" एडिंबरा विमानतळावरच्या अधिकारीणबाईंनी इंग्रजीत विचारलं. आमच्या मावशींनी दोन्ही नाकारून खणखणीत आवाजात सांगितलं, "मिशन!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. रांगेत मागे उभे असलेले आम्ही पाच जण एका सुरात खाकरलो. सिनेमांनी या शब्दाला जो अर्थ आणून ठेवलाय, त्यात सहावारी, स्वेटर आणि माकडटोपी घातलेली बाई बसत नसावी. म्हणून सुटलो.

एप्रिल 2024 ची गोष्ट. वंदे भारत तेव्हा जालन्यातूनच सुटायची, पहाटे पाचच्या सुमारास. निरोपाला आलेल्या पाळकसाहेबांची प्रार्थना इतकी लांबली की शेवटचं आमेन त्यांनी फलाटावर म्हटलं आणि आम्ही मिटत्या दाराच्या आत.

जालन्याच्या मंडळीनं स्कॉटलंडला मिशनवर जायचं, म्हणजे नातवानं आजीला बाराखडी शिकवायला निघायचं. 1843 साली तिकडे फ्री चर्च वेगळी झाली, आणि त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणानं रॉबर्ट नेस्बिट या स्कॉटिश मिशनऱ्याकडून बाप्तिस्मा घेतला. हे शेषाद्री पुढे जालन्याला आले, मांग समाजात राबले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. 1873 मध्ये ते न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले, तेही डोक्यावरचं पागोटं न उतरवता. अमेरिकन लोक बघत राहिले म्हणतात. आम्ही सदर बाजारात शिवून घेतलेल्या कोटांत उतरलो आणि विमा एजंटांचं संमेलन भरल्यासारखे दिसलो. न्यायला आलेले गृहस्थ आमच्या समोरून दोनदा निघून गेले.

त्याआधी कस्टम्समध्ये मोसंबी पकडली गेली. मृग बहाराची शेवटची, बारा नग, आमच्यातल्या मास्तरांनी स्वतःच्या बनियनमध्ये गुंडाळून आणलेली.  अधिकाऱ्यांनी मोसंबीच्या रोगमुक्तीचा दाखला मागितला. "जीआय टॅग आहे, 2016 सालचा!" मास्तर म्हणाले. टॅग इथल्या नावाचा, दाखला तिथल्या किडीचा; दोघांची ओळख नाही. मोसंबी पिंपात गेली. बनियन परत मिळालं. शेंगदाण्याची चटणी सुटली, ती मात्र दोघांनी हुंगून पाहिली आणि त्यातला एक अजून शिंकत असेल.

खरी पंचाईत भाषेची. पूर्वीचे मिशनरी जालन्यात 'ळ' म्हणताना जीभ कुठे ठेवावी या चिंतेत असायचे. त्याची फेड आम्ही केली. तिकडे लहान असेल ते सगळं 'वी'. यजमानीणबाईंनी विचारलं, "अ वी कप ऑफ टी?" मावशींना वाटलं, 'वी' म्हणजे आपण सगळे, कप मात्र एकच. त्या मला म्हणाल्या, "गरीब दिसतात रे. मी नको म्हणते, तुम्ही वाटून घ्या." दोन दिवस मावशी तिथे चहाविना राहिल्या. जालन्याहून निघाल्यापासून सर्वांत मोठा त्याग तोच.

रविवारी उपासनेला गेलो. सातआठशे माणसं मावतील एवढं दगडी देऊळ, आणि आत एकोणीस जण. आम्ही सहा धरून पंचवीस. जालन्यात नाताळला एवढी माणसं नुसत्या चपला सांभाळायला लागतात. शहरात फिरताना एका जुन्या चर्चमध्ये दारूचा गुत्ता निघाला. मावशींनी दारातूनच आत डोकावून माणसं मोजली. "इथं गर्दी बरी आहे," असं म्हणून त्या पुढे चालू लागल्या.

साक्ष द्यायची माझी पाळी आली. मी घोकून आणलेलं इंग्रजी भाषण त्यांना कळेना, म्हणून शेवटी मास्तरांनी पेटी ओढली आणि आम्ही मराठीत भजन म्हटलं. ते मात्र सगळ्यांना कळलं. एक नव्वदीच्या आजी उठून मावशींजवळ आल्या, हात धरला आणि विचारलं, "तिथं अजून जातं का हो कुणी चर्चला?" मावशींना शब्द कळले नाहीत, पण त्या म्हणाल्या, "येस, वी."

ऑक्टोबरात त्यांच्यातल्या सात जणांनी जालन्याला यायचं ठरलं. तेव्हा आंबे बहार काढणीला आलेला असतो. मोसंबी त्यांना स्टेशनवरच द्यायची, हेही ठरलं. तिथे पिशव्या कुणी उघडत नाही.