संचालकांची हजेरी

कंपनी कायदा, 2013 संचालकांच्या बाबतीत भलताच मायाळू आहे. वर्षाला किमान चार बैठका, दोन बैठकांत 120 दिवसांहून जास्त अंतर नको. बारा महिन्यांत एकाही बैठकीला फिरकला नाही, तरच संचालकाचं पद जातं. म्हणजे एकदा येऊन चहा-बिस्किट घेतलं की खुर्ची शाबूत. चाकणच्या कंत्राटी कामगाराने ही सवलत मागून पाहावी! वर बैठकीचा भत्ता एक लाखापर्यंत. बैठक आता व्हिडिओवरूनही होते, त्यामुळे चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी संचालकांना भेटलीच तर अहवालात.

स्वच्छ ऊर्जेच्या कंपनीत तर आणखी सोय. विषयच इतका सोवळ्यातला, की ताळेबंदावर शंका काढणारा पृथ्वीचा वैरी ठरावा.

म्हणून चिंचवडच्या थरमॅक्सची गोष्ट पुन्हा सांगायची. वाया जाणाऱ्या उष्णतेतून ऊर्जा काढायचं तंत्र विकणारी ही कंपनी. कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा 1996 मध्ये गेले, त्यांच्या पत्नी अनु आगा अध्यक्ष झाल्या. पुढे चारशेचा शेअर छत्तिसावर घसरला. तेव्हा एका भागधारकाने त्यांना निनावी पत्र लिहून सुनावलं, की तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत. बाईंची झोप उडाली. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले आणि संचालक मंडळच नव्याने बांधलं. घरच्या माणसांनीही कार्यकारी पदं सोडली, बाहेरचे स्वतंत्र संचालक आले. कंपनी सावरली.

मंडळाला हलवणारा तो भागधारक बैठकीला कधी बसला नव्हता. त्याला भत्ताही मिळाला नाही.